मात्रा आणि फरशी

दहावीनंतरचे विषय ठरविण्यासाठी पालक आमच्याकडे येतात, तेव्हा एक वाक्य हमखास कानी पडते : "मुलगा गणिताचा आहे, मराठी सोडली तर चालेल ना?" आमचे उत्तर ऐकण्यापूर्वी वाचकांनी एक लहानसे कोडे सोडवावे.

लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. चार मात्रांची जागा लघुगुरूंनी किती प्रकारे भरता येईल? चारही लघू, हा एक प्रकार. दोन लघू व एक गुरू घेतल्यास गुरू आरंभी, मध्ये किंवा अंती येईल; हे तीन. दोन्ही गुरू, हा शेवटचा. एकूण पाच.

आता दोन फूट रुंद व चार फूट लांब ओटा घ्या. फरशी दोन फूट लांब, एक फूट रुंद. एकही फरशी न तोडता ओटा किती तऱ्हांनी भरेल? पुन्हा पाच!

हा योगायोग नव्हे. ओट्याच्या रुंदीभर बसविलेली फरशी लांबीतील एक फूट व्यापते, ती लघू. लांबीच्या दिशेने ठेवलेल्या फरशीला मात्र शेजारी जोडीदार लागतेच, आणि ती जोडी दोन फूट व्यापते, ती गुरू. प्रत्येक फरसबंदीला तिची एक ओळ आहे आणि प्रत्येक ओळीला तिची एक फरसबंदी. एक मोजले की दुसरे मोजण्याचे कारण उरत नाही.

पाच मात्रांचे काय? शेवटी लघू असेल तर आधी चार मात्रा उरतात, गुरू असेल तर तीन; म्हणून ५ + ३ = ८. पुढे १३, २१, ३४. ही रीत प्राकृत छंदांचा अभ्यासक विरहांक याला ठाऊक होती. गुजरातेतील हेमचंद्राचार्यांनी ती सुमारे ११५० मध्ये सांगितली. जग मात्र या संख्या ओळखते ते पिसा नगरीच्या फिबोनाचीच्या नावाने, आणि त्याचा ग्रंथ १२०२ चा.

हे गणित प्रथम मांडणारे लोक भाषेचे अभ्यासक होते, हेच पालकांना आमचे उत्तर. गणित शिकविणारे आपल्या गावात पुष्कळ मिळतील. मराठी सुटली तर मुलाला मात्रा मोजावयास कोण शिकविणार? निर्णय अर्थातच पालकांचा. तो घेण्यापूर्वी मुलाकडून पाच फुटी ओट्याच्या आठ तऱ्हा काढून घ्याव्यात, आणि त्याच आठ लघुगुरूंत मोठ्याने म्हणवून घ्याव्यात.