पंधरा इंचांचा सेकंद

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये हल्ली माणसं गप्प असतात आणि फोन बोलतात. कुणाची मावशी, कुणाचा साहेब, कुणाच्या सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे दीडपट वेगाने. व्हॉट्सॲपने २०२१ साली ही सोय दिली. तेव्हापासून मावशीची गुडघेदुखी भाचा झटपट उरकतो आणि मावशीला त्याचा पत्ता नसतो. मला त्यातल्या तंत्राचं मात्र अजून नवल वाटतं. आवाज पळतो, पण चढत नाही. आमच्या वेळी टेपचा वेग दुप्पट केला की आवाज बरोबर एक सप्तक वर जायचा आणि भारदस्त निवेदकाचा कार्टूनमधला उंदीर व्हायचा.

‘आमच्या वेळी’ म्हटलं की वाचक पान उलटतात, हे मला ठाऊक आहे. जरा थांबा.

उमेदीची वर्षं मी दादरच्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत टेप कापण्यात घालवली. १९६७ साली विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि पुढे कितीतरी वर्षं त्या कामावर आमच्यासारख्यांची पोटं भरली. साबण, चहा, सायकलचे टायर, रविवारचे प्रायोजित कार्यक्रम. कलावंत बहुतेक नाटकातले. त्यांना पहिल्यांदा एकच सांगावं लागे: शेवटच्या रांगेशी नको, समोर बसलेल्या एकाच माणसाशी बोला. ते बोलून, चहा पिऊन निघून गेले की खोलीत मी, मशीन आणि ब्लेड उरायचो.

टेप पाव इंच रुंदीची, तपकिरी, एका अंगाला लोखंडाच्या ऑक्साइडचा थर. मोठ्या मशीनवर ती सेकंदाला १५ इंच पळायची. म्हणजे एक सेकंद १५ इंच लांब होता, हातात धरता यायचा. तीस सेकंदांची जाहिरात साडेसदतीस फूट. क्लायंट म्हणाला, ‘अर्धा सेकंद कमी करा’, की मला वीतभराला थोडी कमी टेप कुठून काढायची ते शोधावं लागे. वेळ मोजायला घड्याळ लागतं, हे मी त्या काळात विसरूनच गेले होते.

कापायची जागा डोळ्यांना दिसत नसे, कारण टेपवर दिसण्यासारखं काही नसतंच. दोन्ही रिळं हातांनी मागेपुढे हलवायची. आवाज घोगरा होऊन रांगायला लागतो आणि मग शब्दाची कड कानाला सापडते. तिथे पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, टेप ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातल्या खाचेत बसवायची आणि ४५ अंशांच्या तिरक्या चिरेतून ब्लेड फिरवायचं. तिरकं अशासाठी, की टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडवरून सांधा एकदम न जाता सरकत जावा. सरळ कापलं तर ‘टक्’ ऐकू येतं. ब्लेडमध्ये चुंबकत्व उतरलं असेल तरी तसंच होतं, म्हणून ते अधूनमधून उतरवून घ्यावं लागे. मग पांढरी चिकटपट्टी, नखाने घासून.

शब्द ‘क’, ‘ट’ किंवा ‘प’ने सुरू होत असेल तर नशीब चांगलं. ही व्यंजनं उच्चारण्याआधी तोंड क्षणभर बंद असतं, तिथे आयती पोकळी मिळते. ‘म’ आणि ‘य’ छळायचे; आधीच्या शब्दात पाय अडकवूनच यायचे. मराठीची आणखी एक खोड अशी की क्रियापद वाक्याच्या टोकाला येतं, आणि बोलणारा नेमका तिथे आवाज सोडून देतो. ‘आहे’, ‘होतं’, ‘म्हणे’ ऐकू येतात न येतात, मागून खोलीचा किंचित घुमारा येतो. ते शेपूट छाटलं की अर्थ शाबूत राहतो आणि माणूस मात्र उद्धट वाटायला लागतो. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. आमच्याकडच्या ज्येष्ठ रेकॉर्डिस्टनी, सगळे त्यांना काका म्हणत, दुसऱ्या कुणीतरी कापलेली टेप लावून ऐकवलं होतं. तिच्यात शेपटांबरोबर श्वासही छाटले होते; निवेदिका पानभर मजकूर एकदाही श्वास न घेता म्हणत होती. “अगं, हिच्याबरोबर ऐकणाराही श्वास घेत असतो,” काका म्हणाले, “आता त्याने कुठे घ्यायचा?” त्यांचा नियम होता: श्वास लहान करा, काढू नका.

थांबण्याच्या जागेचंही तसंच. दोन वाक्यांमध्ये जास्त अंतर हवं असेल तर कोरी टेप जोडून चालत नाही. कोऱ्या टेपवर काहीच नसतं, आणि खोलीत कधीच ‘काहीच नाही’ असं नसतं. पंख्याची घरघर असते, भिंतीपलीकडची गाडी असते. म्हणून प्रत्येक मुद्रणाच्या शेवटी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची शांतता वेगळी टेपवर घ्यायची आणि लागेल तिथे तीच जोडायची. माझ्या टेबलाच्या कडेला अशा शांततांचे तुकडे लटकत असायचे, प्रत्येकावर तारीख आणि स्टुडिओचा नंबर. नवी पोरं बघून हसत. बुधवारची शांतता शुक्रवारच्या वाक्यांत घातली की लगेच कळतं, हे स्वतः ऐकल्यावर हसणं थांबे.

माझी भाची पॉडकास्ट संपादित करते. तिच्या पडद्यावर आवाज दिसतो. बोलणं म्हणजे डोंगर, थांबणं म्हणजे सपाट रेष. आता तर तीही पायरी गेली आहे. सॉफ्टवेअर बोलणं ऐकून मजकूर टाइप करून देतं. मजकुरातला शब्द खोडला की आवाजातला शब्दही जातो. चुकलं तर एका बटणावर पूर्ववत. ते बटण मला तरुणपणी मिळतं तर मी त्याची पूजा केली असती, आणि ब्लेड परत आणा असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण तासाभराची मुलाखत एकदाही न ऐकता, नुसती वाचून संपादित करता येते, हे भाचीने अगदी सहज सांगितलं, तेव्हा मी हातातला कप खाली ठेवला.

तिने मुंबईच्या गिरणगावातल्या एका जुन्या कामगाराची मुलाखत घेतली होती. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरण्यांचा संप, त्याचे नेते डॉ. दत्ता सामंत, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर, हे सगळं कामगार भराभर बोलला होता. चार दशकांत शंभरदा सांगून झालं असणार. मग तिने विचारलं, गिरणी आता परत सुरू होत नाही, हे तुम्हाला कधी कळलं? तिने ऐकवलेल्या तयार भागात उत्तर लगेच आलं: वाण्याने उधारी बंद केली तेव्हा.

छान उत्तर. जरा जास्तच छान, ठेवणीतलं वाटावं इतकं. मी तिला मूळ मुद्रण लावायला सांगितलं. तिथे प्रश्नानंतर माणूस गप्प आहे. खुर्ची करकरते. तो ‘अं’ म्हणतो, ‘म्हणजे’ म्हणतो, पुन्हा गप्प होतो. बाहेर कुणीतरी दुचाकी सुरू करतं. मग ‘वाण्यानं…’ असं अर्धवट येतं, आणि मग ते वाक्य. सॉफ्टवेअरला सूचना होती की अर्ध्या सेकंदाहून मोठी शांतता दिसली तर ती अर्ध्या सेकंदावर आणायची आणि अं-म्हणजे, अर्धवट राहिलेले शब्द काढून टाकायचे. त्याने इमानेइतबारे काम केलं होतं. शब्द एकही चुकला नव्हता. फक्त हे उत्तर त्या माणसाला त्याच क्षणी सापडलं, हे तयार भागात उरलं नव्हतं.

भाचीचा मुद्दाही खोटा नाही. इतका वेळ आवाज नाही म्हटल्यावर ऐकणाऱ्याला इंटरनेट गेलं असं वाटतं आणि तो दुसरीकडे जातो. ॲपवर तिला ती घसरण आलेखात दिसते. रेडिओलाही शांततेची धास्ती होतीच. पण निवेदक अमीन सायानींनी १९५२ पासून रेडिओ सिलोनवरून गाण्यांच्या क्रमवारीची गीतमाला चालवली ती, सगळ्यात वरच्या पायदानाचं गाणं सांगण्याआधी किती रोखून धरायचं, या अंदाजावर. फेब्रुवारी २०२४मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या आवाजाचे तुकडे फोनवर फिरत होते. माझ्याकडे आलेल्या एकात कुणीतरी नेमकी ती रोखलेली जागाच गाळली होती. आवाज सायानींचा आणि लय रेल्वे उद्घोषणेची. दुसरीकडे, यंत्राने बनवलेल्या निवेदकांच्या आवाजात आता मुद्दाम श्वास घालतात, खरा वाटावा म्हणून. काकांना हे सांगितलं असतं तर त्यांनी पान थुंकायला बराच वेळ घेतला असता.

टेपच्या नावाने गहिवरू नये, याची कारणं माझ्याकडे भरपूर आहेत. टेप महाग होती, म्हणून जुनं पुसून तीच वापरायची, आणि जगभरच्या रेडिओ-टीव्हीचा केवढा तरी ठेवा असाच गेला. गुंडाळून ठेवलेल्या टेपमध्ये एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटतं आणि वाक्य येण्याआधीच त्याची पुसट चाहूल ऐकू येते. म्हणून आम्ही रीळ उलटं, शेवट बाहेर ठेवून साठवत असू; मग निदान ती चाहूल नंतर, प्रतिध्वनीसारखी येई. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपांवर ऑक्साइड धरून ठेवणारा थर ओलावा पिऊन चिकट होतो आणि मुंबईची हवा त्याला कमी पडू देत नाही. अशा टेपा पन्नास-पंचावन्न अंशांवर तासन्‌तास भाजून, लगोलग उतरवून घ्याव्या लागतात. एरवी त्या मशीनवर किंचाळतात आणि आवाज हेडवर भुकटी होऊन बसतो.

घरच्या कॅसेटींना हा प्रयोग करू नका. त्यांना सहसा हा रोग नसतो, आणि प्लास्टिक वाकतं. त्यांचं दुखणं वेगळं: आतली छोटी लोकरीची गादी गोंद सुकून पडते आणि मग आजोबांचा आवाज उशीखालून आल्यासारखा येतो. गादी बदलता येते. मागच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या शाबूत असतील तर तोडून टाका, म्हणजे वर काही मुद्रित होणार नाही. हे लोकांना ठाऊक असे, आणि पट्टी तोडून पडलेल्या भोकावर कागद चिकटवून बारशाच्या कॅसेटवर सिनेमाची गाणी भरणंही ठाऊक असे.

कॅसेटी डिजिटल करून घ्यायच्या असतील, तर करून देणाऱ्याला एवढं विचारा की प्रत्येक कॅसेटसाठी तो हेडचा कोन स्क्रूने जुळवतो का. नसेल जुळवत, तर ‘स’ आणि ‘श’ बोथट येतात, आणि ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने धड परत येत नाहीत. मग तो विचारेल, मागची खरखर काढून देऊ का? खरखर काढणारं यंत्र हळू आवाजालाही खरखरच समजतं. वाक्यांच्या टोकांचे ‘आहे’ आणि ‘होतं’ आधी जातात, त्यांच्यामागून श्वास. दोन फाइल मागा, एक साफ केलेली आणि एक जशी आहे तशी. पैसे बहुतेक जण एकीचेच घेतात.