वर्गणी कशाची काढता?

गेल्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या एका पोरीनं मला तिची वही दाखवली. पोर सतरा वर्षांची. बाप पॉवरलूमवर, आई गारमेंटात धागे कापते. मी स्वतः इचलकरंजीकडच्या एका सूतगिरणीत रिंग खात्यात आहे, सातवीत शाळा सुटलेला. पण मी कविता करतो म्हणून वस्तीला वाटतं याला सगळं कळतं. ती म्हणाली, ‘दादा, एवढा हिशोब बघ की बरोबर हाय का.’

पोरीनं क्लॅट काढलीय. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा. दोन तासांत 120 प्रश्न, सगळे इंग्रजीत. मराठीत लिहायची सोय नाही. नुसत्या फॉर्मला खुल्या वर्गाला 4,000 आणि आपल्याला 3,500. पाचशे रुपयांचा सामाजिक न्याय! नंतर जागावाटपाच्या नोंदणीला आणखी वीस हजार. तेवढ्यासाठी आईचं डोरलं आधीच गहाण पडलंय. आता पुढं वर्षाला फी, होस्टेल, मेस मिळून तीन लाखांच्या आसपास, अशी पाच वर्षं.

वहीच्या मागच्या पानावर उभी रेघ मारलेली. एकीकडं खर्च, एकीकडं जमा. जमेत बापाचा पगार, आईचा पगार, बँकेचं कर्ज, धाकट्या भावाची शिकवणी बंद केली तर वाचणारे. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: माझ्या लग्नाचे. एवढं करूनही रेघेखाली खड्डाच. मग तिनंच सांगितलं, ‘मी जात न्हाई. हितल्याच कॉलेजात वकिली हुतीया की.’

बेरीज बरोबर होती. हिशोब चूक होता. का ते सांगतो.

पहिल्यांदा तो शहाणा घ्या, जो म्हणतो, ‘तुमचं काय बाबा, तुम्हाला सगळं फुकट.’ याला त्या पोरीच्या बापाबरोबर दाखल्यांच्या रांगेत उभा करा. पोस्ट मॅट्रिकला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. नवराबायकोनं ओव्हरटाइम करून महिन्याला एकवीस हजार आणले की वर्षाचे 2,52,000 झाले. झाले श्रीमंत! केंद्राची टॉप क्लास योजना आहे, तिची मर्यादा आठ लाख, पण जागा मोजक्या. आणि योजनेचा पैसा येतो तेव्हा येतो. फीची तारीख मात्र आधी येते. 2024 साली मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या पोराला धनबादच्या आयआयटीत जागा लागली होती. 17,500 रुपये भरायचे होते. बापानं गावात हात पसरून जमवले तोवर शेवटच्या दिवसाची वेळ संपत आली, भरणा झाला नाही आणि जागा गेली. सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, 30 सप्टेंबरला हुकूम निघाला तेव्हा पोरगा आत गेला. साडेसतरा हजारांसाठी सुप्रीम कोर्ट! याला फुकट म्हणतात?

पण शहाण्याशी माझं भांडण जुनं आहे, ते चालू राहील. आज मला भांडायचंय आपल्या लोकांशी.

आपल्यातले काही कार्यकर्ते छाती पुढं काढून म्हणतात, ‘त्या बड्या कॉलेजात गेलेली पोरं कंपन्यांची होतात. चळवळीला काय उपयोग?’ अरे, होतात का? बारा-पंधरा लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडलेली पोर हप्ता भरणार. तालुक्याच्या कोर्टात ॲट्रॉसिटीच्या केसला उभी राहून हप्ता निघतो का? मग ती जाणार जिथं हप्ता निघतो तिथं. कर्ज बँकेनं दिलं तर वकील बँकेला मिळणार. आपण काय दिलं, म्हणून आपण मागतो?

बाबासाहेबांचं आठवा. 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, पण दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार सही करून. 1917 साली शिष्यवृत्ती संपली, लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परत यावं लागलं. बडोद्यात शिपाई लांबून फायली फेकायचे, राहायला खोली मिळाली नाही. मग सिडनहॅममध्ये शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्रानं उसने दिले, तेव्हा 1920 साली पुन्हा लंडन. 1923 साली बॅरिस्टर होऊन आले तर वकिलीची सनद काढायला पैसे नाहीत. तेही भथेनांनी दिले. असा माणूस 1926 साली जेधे-जवळकरांची बाजू घेऊन ‘देशाचे दुश्मन’च्या खटल्यात उभा राहू शकला. बॅरिस्टरीमागं कुणाकुणाचा खिसा होता ते आपण भाषणात सांगत नाही. नुसतं ‘शिका’ म्हणतो, आणि पोरीला वही घेऊन एकटीला बसवतो.

आता कुणी म्हणेल, जिल्ह्याच्या कॉलेजात शिकून मोठं होता येत नाही का? येतं. 2025 साली सरन्यायाधीश झालेले भूषण गवई अमरावती विद्यापीठाचेच. (त्यांचे वडील रिपब्लिकन पक्षाचे मोठे नेते होते, हेही लक्षात ठेवा.) पोरीनं मनानं इथलं कॉलेज निवडलं तर मी स्वतः पेढे वाटीन. पण आईच्या डोरल्याकडं बघून ‘नको’ म्हणणं याला निवड म्हणत नाहीत.

आणि वकील आपल्याला लागतातच. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी प्यालो, पण हायकोर्टाचा निकाल यायला 17 मार्च 1937 उजाडलं. दहा वर्षं कागद लढत होते. खैरलांजीला 2006 साली एक घर संपवलं. 2008 साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आणि 2010 साली हायकोर्टानं ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही म्हणून सांगितलं. आपण रस्त्यावर होतो, आत कोण होतं? 2018 ते 2022 या काळात हायकोर्टांवर 537 न्यायाधीश नेमले, त्यात अनुसूचित जातींचे 2.8 टक्के. हा आकडा सरकारनंच संसदीय समितीला दिलाय.

यंदा चौदा एप्रिलला आमच्या मंडळानं डीजेला एक लाख ऐंशी हजार मोजले. मीही नाचलो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी पाळीला कानात दडे बसलेले, मशीनचा आवाजसुद्धा ऐकू येईना. ती मिरवणूक त्या पोरीच्या दारावरूनच गेली. त्या वेळी ती आत बसून ती वही लिहीत होती, हे मला आत्ता कळलं.

मंडळाच्या बैठकीत मी हे बोललो. एक जण म्हणाला, ‘एकीला दिलं की सगळे मागतील.’ मागू देत की! सतरा वर्षांची दहा पोरं वही घेऊन मंडळाच्या दारात उभी राहिली तर त्याहून मोठी मिरवणूक कुठली? दुसरा म्हणाला, ‘पोरगीच हाय, लग्न करून जाईल.’ त्याला मी जे बोललो ते इथं छापता येणार नाही.

आमच्या खात्यातल्या आठ जणांनी महिना तीनशे कबूल केलेत. त्यात एक मातंग आहे, एक मुसलमान, एक तर जातीनं मराठा. चोवीसशे रुपयांत मेससुद्धा भागत नाही, ठाऊक आहे. पण पोरीला जमेच्या बाजूला एक ओळ लिहिता आली. तिनं ‘माझ्या लग्नाचे’ खोडलं आणि तिथं ‘गिरणीचे’ लिहिलं.

पहिला हप्ता भरायला अजून अठरा दिवस आहेत. पावतीपुस्तक माझ्याकडं आहे. तिसऱ्या पाळीला जायच्या आधी, रात्री आठ ते दहा, मी विहाराच्या पायरीवर बसलेला असतो.