हसतमुख मनुष्यबळ

बारावीचा निकाल लागला की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत स्टेशनाबाहेरच्या खांबांवर एक ठरावीक जाहिरात उगवते. ब्लेझर घातलेली मुलगी, मागे विमान, बाजूला आयफेल टॉवर. खाली 'ट्रॅव्हल, टुरिझम अँड इव्हेंट मॅनेजमेंट' आणि त्याखाली '१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स'. यातला 'असिस्टन्स' नेहमी बारीक टायपात असतो. नोकरी देऊ असं कुणी म्हणत नाही; शोधायला मदत करू, एवढंच म्हणणं असतं. पण ब्लेझरकडे बघणाऱ्या आईबापांना तो शब्द दिसत नाही, आणि दिसू नये अशीच योजना असते.

मी बरीच वर्षं टूर लीडर म्हणून बसच्या पुढच्या सीटवर काढली. आता उपनगरातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर हाच विषय शिकवतो. म्हणजे धंद्याचं आणि शिक्षणाचं, दोन्हीकडचं मीठ खाल्लेलं आहे. तरी स्पष्ट लिहितो. हे अभ्यासक्रम मुलांना प्रामुख्याने एकच गोष्ट शिकवतात: हसून उभं कसं राहायचं. माणसं सुखरूप न्यायची-आणायची कशी, जागा ओळखायची आणि ओळख करून द्यायची कशी, हे या कामाचं मर्म आहे आणि तेच शिकवायचं राहून जातं. शिवाय जे शिकवलं नाही त्याची फी घेऊन वर मुलांचे हात फुकट वापरले जातात ते वेगळंच.

'ग्रूमिंग' नावाच्या विषयापासून सुरुवात करू. केस कसे बांधावेत, नखं किती वाढवावीत, पाहुण्याशी बोलताना मान किती झुकवावी. मला या शिस्तीबद्दल आकस नाही. बसमध्ये चाळीस माणसं तुमच्याकडे बघत असताना इस्त्रीचा शर्ट उपयोगी पडतो. पण त्यासाठी अख्खं सत्र? आणि त्याच सत्रात विमानतळांची तीन अक्षरी नावं पाठ: लंडनचं एलएचआर, पॅरिसचं सीडीजी. तिकिटाच्या खिडकीवर बसणाऱ्याला हे यायला हवं होतं, त्या काळातला हा धडा आहे. आयआरसीटीसीवर २००२ पासून रेल्वेचं तिकीट घरबसल्या निघतं, विमानाचं तर आता आजीसुद्धा फोनवर काढते. खिडकी गेली, धडा राहिला.

पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात थॉमस कुक असतोच. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसं एका शिलिंगात रेल्वेने नेली. म्हणजे ट्रॅव्हल आणि इव्हेंट हे दोन्ही धंदे एकाच दिवशी जन्मले म्हणायला हरकत नाही. मुलं ही तारीख पाठ करतात. पण त्याच नावाची ब्रिटिश कंपनी सप्टेंबर २०१९मध्ये बुडाली आणि तिचे लाखाहून जास्त प्रवासी परदेशात अडकले, हे प्रकरण पुस्तकात नाही. (भारतातली त्या नावाची कंपनी वेगळी, ती चालू आहे.) त्याच वर्षी १७ एप्रिलला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. तिचं मुख्यालय आमच्या अंधेरीत, सहार रस्त्यावर होतं. १७५८ साल सांगणारी कॉक्स अँड किंग्जही त्याच वर्षी कोसळली. पुढच्या मार्चमध्ये तर सगळंच बंद झालं. या धंद्यात शिरणाऱ्या पोराला पहिल्या तासाला काय सांगायला हवं? हा धंदा दर काही वर्षांनी पाय मोडून पडतो, पैसे आगाऊ घेतो आणि पगार सगळ्यात शेवटी देतो. हे सांगितलं तर प्रवेश कमी होतील, असं मला एकदा स्टाफरूममध्ये अगदी प्रेमाने समजावण्यात आलं.

आता जागेबद्दल. आमच्या वर्गाच्या खिडकीतून राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. त्या डोंगरात कान्हेरी आहे. बेसॉल्टमध्ये कोरलेली शंभरावर लेणी, जवळजवळ हजार वर्षं वापरात असलेली. प्रत्येक विहाराबाहेर पाण्याची पोढी, कातळावर पन्हळी कोरून पावसाचं पाणी एका टाक्यातून दुसऱ्यात नेलेलं. कल्याण, सोपारा इथल्या व्यापाऱ्यांनी दानं दिल्याचे ब्राह्मी लेख. व्यापारी घाटावर जाताना-येताना ज्यांना आधार देत आणि ज्यांचा आधार घेत, त्यांची ही वस्ती. व्यापारी मार्ग, मुक्काम, पाणी, देणगीदार, पाहुणे: पर्यटन व्यवस्थापनाचं याहून चांगलं पाठ्यपुस्तक मला तरी माहीत नाही.

आणि माझं सगळ्यात आवडतं, नव्वदाव्या क्रमांकाचं लेणं. तिथे पहलवी लिपीतले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१चे. पारशी मंडळी लेणी बघायला आली आणि भिंतीवर आपापली नावं, तारखा कोरून गेली. त्यांत प्रार्थना नाही, दान नाही. आम्ही येऊन गेलो, बस्स. हजार वर्षांपूर्वीचे हे सरळ सरळ पर्यटक. उपनगरातली पर्यटकांची पहिली नोंदवही बोरिवलीच्या डोंगरात उघडी पडलेली आहे आणि बोरिवलीतच पर्यटन शिकणाऱ्या माझ्या वर्गात, साठ मुलांपैकी, तिथे कुणी गेलेलं नव्हतं. उद्यानात गेलेले पुष्कळ होते. लेण्यांपर्यंतही काही पोचले होते, फोटो काढायला. लेख कुणी दाखवलाच नव्हता तर दिसणार कसा?

मी लेखी मागणी केली की एक सबंध दिवस वर्ग कान्हेरीत घ्यावा, त्याचे गुण धरावेत, प्रत्येकाने एका लेण्यासमोर दहा मिनिटं मराठीत आणि दहा मिनिटं इंग्रजीत बोलावं. उत्तर आलं की सहल म्हणून परवानगी देता येईल, तासिका म्हणून नाही. म्हणजे मला मानधन नाही, हा भाग सोडा. मुलांना संदेश काय जातो, की एलएचआर म्हणजे अभ्यास आणि कान्हेरी म्हणजे पिकनिक. अंधेरीची महाकाली लेणी, जोगेश्वरीची गुंफा, मंडपेश्वर, ज्याच्या डोक्यावर पोर्तुगीजांनी चर्च बांधलं, सगळ्यांची हीच गत. गाइड व्हायला लागणारं भांडवल या मुलांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे आणि आपण त्यांना आयफेल टॉवर दाखवतो.

इव्हेंटची बाजू याहून गंभीर आहे, कारण तिथे चूक झाली तर माणसं मरतात.

वर्गात मी एक गणित घालतो. ब्रिटनमध्ये १९७१ला ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानात जिन्यावर ६६ जण चेंगरून मेले, त्यानंतर १९७३ साली मैदानांच्या सुरक्षिततेची एक पुस्तिका निघाली. तिला 'ग्रीन गाइड' म्हणतात. तिचा एक आकडा असा: सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं बाहेर पडू शकतात, जिन्यावरून ६६. आता नवरात्रातलं उपनगरातलं एक मैदान घ्या. पाच हजार माणसं, दोन दरवाजे, प्रत्येकी दोन मीटर. चार गुणिले ८२ म्हणजे मिनिटाला ३२८. मैदान रिकामं व्हायला पंधरा मिनिटं. पुस्तिकेची मर्यादा आठ मिनिटांची आहे. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी एक दरवाजा बंद ठेवला असेल (असतोच), तर अर्धा तास. आग लागली तर त्या अर्ध्या तासात काय होईल?

पहिल्यांदा हे गणित घातलं तेव्हा वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, आम्ही गेल्या वर्षी पासेस चेक करायला त्याच गेटवर होतो." त्याला कुणी सांगितलं होतं का, गर्दी उलटली तर काय करायचं? नव्हतं. टी-शर्ट दिला होता.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ साली गर्दीच्या कार्यक्रमांसाठी सविस्तर मार्गदर्शिका काढली आहे. मंडप आणि तात्पुरत्या बांधकामांच्या आगीबाबत भारतीय मानक आहे, आयएस ८७५८. दोन्ही मी वर्गात नेली तेव्हा मुलांनी त्यांची नावंही ऐकलेली नव्हती, कारण अभ्यासक्रमात ती नाहीत. त्यात आहे थीम, बजेट, सेलिब्रिटी व्यवस्थापन आणि प्रायोजक मिळवण्याची पत्रं. आणि आपल्या राज्याचा इतिहास काय सांगतो? २५ जानेवारी २००५, मांढरदेवीची जत्रा, सुमारे तीनशे मृत्यू. २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा जिना, २३. तो कार्यक्रम नव्हता, रोजची सकाळ होती, पण जिन्याचं गणित तेच. १६ एप्रिल २०२३, खारघर, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, भर उन्हातलं उघडं मैदान, उष्माघाताने १४. कार्यक्रम आखणाऱ्याच्या यादीत सावली आणि पाणी हे पहिले दोन मुद्दे असायला हवेत, ध्वनिव्यवस्था नंतर. आणि १३ मे २०२४, घाटकोपर. १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग वादळात पेट्रोलपंपावर कोसळलं, १७ गेले. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०ची. आमची मुलं याच धंद्याच्या बाहेरच्या अंगाला काम करायला जातात: बॅनर, ट्रस, कमानी. किती वाऱ्याला काय टिकतं हे विचारायचं असतं, आणि उत्तर मिळालं नाही तर खाली उभं राहायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवायचं?

आता फुकट हातांकडे येतो. लग्नसराईत कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संदेश येतात: 'इंटर्नशिप ऑपॉर्च्युनिटी, ३० मुली, २० मुलं, ब्लॅक फॉर्मल्स.' माझी एक विद्यार्थिनी, एकोणीस वर्षांची, मुलुंडला राहणारी, विमानतळाजवळच्या हॉटेलात एका संगीताला गेली. दुपारी तीनला बोलावलं, रात्री दोनला सोडलं. अकरा तास दारात अत्तराचं तबक घेऊन उभी. मोबदला: प्रमाणपत्र आणि बिर्याणीचं पाकीट. मेट्रो बंद, लोकल बंद, रिक्षाचे पैसे नाहीत. इतर चौघींबरोबर ती पहाटेच्या पहिल्या मेट्रोपर्यंत स्टेशनच्या जिन्याखाली बसून राहिली आणि सकाळी माझ्या तासाला आली. विषय होता 'अतिथी समाधान'.

कायदा याबाबत मुका नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या संरक्षणाची, घरी पोचवण्याची व्यवस्था करावी लागते. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा विद्यावेतन सक्तीचं करतो; २०१९च्या दुरुस्तीने पदवीधराला महिना किमान ९,००० रुपये ठरले. म्हणूनच तर कुणी तिला कर्मचारी म्हणत नाही आणि शिकाऊ उमेदवारही म्हणत नाही. ती 'इंटर्न' असते, किंवा 'व्हॉलंटियर'. करोडोंच्या लग्नात स्वयंसेवक! मंडपवाल्याचा बांबू बांधणारा माणूस त्या रात्रीची मजुरी घेऊन गेला, फुलवाल्याचा पोरगा घेऊन गेला, बँडवाला घेऊन गेला. पन्नास जणांना काही मिळालं नाही, आणि हे पन्नास जण कॉलेजला फी भरून आलेले होते.

यावर ठरलेलं उत्तर असतं की अनुभव मिळतो, हात चालल्याशिवाय काम येत नाही. मला मान्य आहे. मी स्वतः बसच्या टपावर सामान चढवत शिकलो. पण पहिल्या दिवसापासून भत्ता मिळत होता, आणि कुणीतरी जुना माणूस सोबत असायचा, जो दोरीची गाठ दाखवायचा. तबक धरून अकरा तास उभं राहण्यात दुसऱ्या तासानंतर शिकण्यासारखं काय उरतं? दुसरं उत्तर असतं, मुलं स्वखुशीने जातात. जातात, कारण हजेरी आणि गुण त्याला जोडलेले असतात. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीत कामाच्या जागेवरच्या प्रशिक्षणाला श्रेयांक दिले आहेत. हेतू चांगला असेल. पण पगाराची आणि तासांची अट कॉलेजने घातली नाही तर ते कंत्राटदाराला घरपोच माणसं पुरवणं होतं.

खरं शिकायचं असेल तर अंधेरीतच बघा. आझाद नगरात १९६६पासून कारखान्यांतल्या कामगारांनी सुरू केलेला गणपती बसतो, 'अंधेरीचा राजा'. त्याचं विसर्जन अनंत चतुर्दशीला नाही, संकष्टीला असतं. रांग कुठे वळवायची, म्हाताऱ्यांना कुठून सोडायचं, चोरवाट कुठली मोकळी ठेवायची, हे तिथले कार्यकर्ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. मंडळं रस्ते अडवतात, कानठळ्या बसवतात, याबद्दल माझी भरपूर तक्रार आहे. पण गर्दी हाताळण्याचं ज्ञान या उपनगरात कुणाकडे साठलेलं असेल तर ते त्यांच्याकडे. त्यांच्यातल्या एकालाही वर्गात बोलवायची सोय नाही, कारण पदव्युत्तर पदवी लागते. सेलिब्रिटी अँकर मात्र 'गेस्ट लेक्चर'ला येतो. त्याला लागत नाही.

जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. ज्यांची मुलं या रांगेत उभी राहणार आहेत त्यांनी खिडकीवर चार गोष्टी लेखी मागाव्यात. बाहेर कामाला पाठवाल तेव्हा तासाला किती रुपये आणि ते कोण देणार. रात्री साडेनऊनंतर घरी कोण सोडणार. पडलं-झडलं तर विमा कोणाचा. आणि गर्दीची सुरक्षितता या विषयाला किती गुण आहेत. माझ्या कॉलेजात हे चार प्रश्न मी गेल्या वर्षी विभागाच्या बैठकीत मांडले. इतिवृत्तात 'चर्चा झाली' असं लिहिलं आहे. यंदा माझ्या तासिका कमी झाल्या, सोमवार आणि गुरुवार एवढ्याच राहिल्या. गुरुवारच्या मुलांना मी कान्हेरीला नेणार आहे, सहल म्हणूनच.