मोगरा फुलत नाही? कुंडी बदला, फांद्या छाटा

कुंडीतला मोगरा हिरवागार आहे, फांद्या खिडकीच्या गजांतून बाहेर गेल्या आहेत, पण उन्हाळा सरत आला तरी कळी नाही, अशी तक्रार अनेक भगिनी करतात. मग घरात कोणी म्हणते, झाड वांझ निघाले. कोणी म्हणते, पाळीच्या दिवसांत हात लागला असेल. दोन्ही बोलांचा रोख घरातल्या बाईकडेच! भगिनींनो, यात काडीचेही तथ्य नाही. झाडाला विटाळ होत नाही. त्याला ऊन, माती आणि वेळेवर छाटणी लागते.

मोगऱ्याची फुले नव्या फुटीच्या टोकाला येतात. फांद्या न छाटता तशाच वाढू दिल्या की त्या नुसत्या लांबतात, पाने धरतात, फुले मात्र थोडी देतात. शिवाय दोन-तीन वर्षांत मुळे कुंडीभर गोल फिरून गच्च होतात. घातलेले पाणी लगेच खालच्या भोकातून वाहून जाऊ लागले की कुंडी बदलायची वेळ झाली असे समजावे.

हे काम जानेवारीत करावे. आधी आठ दिवस पाणी कमी करावे. मग धारदार कात्रीने वाळलेल्या व काडीसारख्या बारीक फांद्या बुडापासून काढाव्यात. जाड फांद्या मातीपासून सुमारे एक फूट ठेवून कापाव्यात. काप डोळ्याच्या जरा वर, तिरपा घ्यावा. उरलेली पाने खुडावीत. हिरव्या झाडावर कात्री चालवताना हात अडखळतो, हे आम्ही जाणतो. पण नुसत्या काड्या उरल्या तरी घाबरू नये.

आता कुंडी आडवी करून कडेने ठोकावी आणि झाड बुंध्याला धरून अलगद काढावे. मुळांच्या गोळ्याची बाहेरची बोटभर जाळी सुरीने कापावी. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंचांनी मोठी असली की पुरे. विकतचीच हवी असे नाही. रंगाचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन, तळाला चार-पाच भोके पाडली की झाले. भोकांवर खापऱ्या ठेवाव्यात. दोन भाग तांबडी माती, एक भाग जुने शेणखत, एक भाग वाळू असे मिसळून भरावे. ताजे शेण घालू नये, मुळे जळतात. भरपूर पाणी घालून आठवडाभर सावलीत ठेवावे, मग हळूहळू उन्हात आणावे.

मोगऱ्याला रोज पाच-सहा तास ऊन हवे. ज्या गॅलरीत ऊन येतच नाही, तिथे मोगऱ्यावर पैसे घालवू नयेत, असे आम्ही स्पष्ट सांगतो. ऊन मिळाले तर मार्च-एप्रिलपासून कळ्या धरतात. एक बहर ओसरला की फुललेली टोके खुडावीत, पुन्हा फूट येते.

दोन गोष्टी विसरू नयेत. कुंडी कठड्यावर मोकळी ठेवू नये, खालून माणसे, मुले जात असतात. आणि कुंडीखालच्या ताटलीतले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासावी. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

शेजारणीकडेही असा न फुलणारा मोगरा असेल, तर तो फेकू देऊ नका. कात्री घेऊन तिच्याकडे जा.