साठ-शून्य आणि १९७२ची शिरगणती

१० नोव्हेंबर २०२४ रोजी मॉरिशसच्या मतदारांनी दिलेला कौल आपल्याकडील वृत्तपत्रांत एका कोपऱ्यात छापून आला आणि विरूनही गेला. प्रविंद जगन्नाथ पायउतार झाले, नवीनचंद्र रामगुलाम पुन्हा पंतप्रधान झाले, एवढे वाचून बहुतेकांनी पान उलटले असेल. 'छोटा भारत' म्हटले की आपले कौतुक तेथेच तृप्त होते. गादीवर कोणीही बसो, बहुधा तो गिरमिटियांचाच वंशज असणार, मग अधिक खोलात कशाला जायचे? परंतु या निकालाच्या आकड्यांत जे दडले आहे, ते हिंदू समाजाच्या हितचिंतकांनी तरी डोळसपणे वाचले पाहिजे.

मुख्य बेटावरील वीस मतदारसंघांतून प्रत्येकी तीन असे साठ सदस्य निवडले जातात. पूर्वेकडील रॉड्रिग्ज बेटाचे दोन निराळे. रामगुलाम यांच्या आघाडीने मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा जिंकल्या. तिला मते मिळाली साठ टक्क्यांच्या आसपास. पराभूत आघाडीच्या पदरात एक चतुर्थांशाहून अधिक मते पडली आणि जागा एकही नाही. हे प्रथमच घडले असे नव्हे. १९८२ साली आणि १९९५ सालीही 'साठ-शून्य' झाले होते. प्रत्येक मतदाराने तीन मते दिलीच पाहिजेत, अन्यथा मतपत्रिका बाद, असा तेथील नियम आहे. त्यामुळे पक्ष प्रत्येक ठिकाणी तिघांची जुळणी करून उतरतात आणि वारे फिरले की तिघेही एकदम तरतात किंवा एकदम बुडतात.

विरोधक मग सभागृहात येतात कोठून? येथेच या राज्यघटनेतील सर्वांत विलक्षण तरतूद पुढे येते. तिला 'बेस्ट लूझर' म्हणजे सर्वोत्तम पराभूतांची पद्धत म्हणतात. निवडून आलेल्यांखेरीज कमाल आठ जागा हरलेल्या उमेदवारांतून भरल्या जातात; त्या कोणाला द्यायच्या, हे त्या उमेदवाराचा समाज पाहून ठरते. घटनेने समाज चारच मानले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी, आणि या तिहींत न बसणाऱ्या सर्वांसाठी 'सामान्य लोकसंख्या'. उमेदवारी अर्ज भरताना आपण यांपैकी कोण, हे लिहून द्यावेच लागते. २०२४ साली अशा चार जागा भरल्या गेल्या. खुद्द विरोधी पक्षनेताही याच दाराने सभागृहात आला. तेव्हा ही तरतूद अगदीच निरुपयोगी आहे, असे कोणी म्हणू नये.

ती आली कशी, हे समजण्यासाठी १९४८ सालापर्यंत मागे जावे लागते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटियांची पहिली मोठी तुकडी पोर्ट लुईच्या धक्क्याला लागली. त्यानंतरच्या दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे भारतातून त्या बेटावर उतरली. परंतु मताधिकार मालमत्तेवर असल्यामुळे शंभर वर्षांनंतरही चार लाखांवर वस्तीच्या बेटावर मतदार होते अवघे अकरा-बारा हजार. नव्या घटनेने ज्याला एखाद्या मान्य भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता येतील त्याला मत दिले, आणि पंडित बासदेव विष्णुदयाल यांच्या जनआंदोलनाने या संधीचे सोने केले. लाहोर आणि कलकत्ता येथे शिकून १९३९ साली परतलेल्या या माणसाने गावोगावी हिंदीच्या रात्रशाळा उभ्या केल्या. दिवसभर ऊस तोडलेली बोटे रात्री कंदिलाखाली अक्षरे गिरवू लागली. सरकारने तुरुंगात टाकले, तरी शाळा थांबल्या नाहीत. मतदारांची संख्या सत्तर हजारांच्या वर गेली. पांपलमूस-रिव्हिएर द्यु रांपार, मोका-फ्लाक, ग्रां पोर-सावान अशा जोडजिल्ह्यांचे पाच मतदारसंघ होते. त्यांतून निवडलेल्या एकोणिसांत अकरा हिंदू निघाले. कोणतेही अनुदान नसताना, केवळ अक्षराच्या बळावर एवढे राजकीय परिवर्तन घडविल्याची उदाहरणे जगात फार नाहीत. आपल्या शाखांतून आणि घरांतून हे नाव किती जणांना ठाऊक आहे?

त्याच निवडणुकीत मुस्लिम समाजाचा मात्र एकही उमेदवार निवडून आला नाही. आपल्याला कायमचे बाहेर राहावे लागेल ही भीती तेव्हा जन्मली, आणि ती निराधार होती असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गोऱ्या मळेवाल्यांनी व क्रिऑल पुढाऱ्यांनी तिला खतपाणी घातले, हेही तितकेच खरे. १९६७च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याच्या विरोधी बाजूस पडली होती. त्याआधीच, १९६६ साली, स्वातंत्र्याच्या वाटाघाटी पुढे सरकाव्यात म्हणून 'बेस्ट लूझर'ची तडजोड झाली. १२ मार्च १९६८ रोजी, दांडीयात्रेच्या प्रारंभदिनी, शिवसागर रामगुलाम यांनी स्वतंत्र राष्ट्राचा ध्वज उभारला तो ही तडजोड सोबत घेऊन.

तडजोडीला मुदत असते. या तडजोडीला ती घातली गेली नाही. लोकसंख्येचा समाजवार आधार मानला जातो तो १९७२च्या शिरगणतीचा, कारण १९८२पासून गणनेत समाज विचारणेच बंद झाले. अर्ध्या शतकापूर्वीची माणसे मोजून आजच्या जागा वाटल्या जातात! आपण यांपैकी कोणीच नाही, केवळ मॉरिशियन आहोत, असे म्हणणाऱ्या तरुण उमेदवारांचे अर्ज फेटाळले गेले. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्यांच्या बाजूने निर्णय दिला, २०१४च्या निवडणुकीपुरती सवलत मिळाली, आणि २०१९ साली पुन्हा तेच अर्ज, तोच रकाना.

रकान्याची सवय केवळ अर्जापुरती राहत नाही. 'हिंदू' या एका शब्दाखाली पक्षांच्या बैठकांत पुढची मोजणी सुरू होते: वैश किती, बाबूजी किती, रविवेद किती, तामिळ, तेलुगू, मराठी किती. मतदारसंघातील त्रिकूट या हिशेबाने जुळवले जाते. सातासमुद्रापार ज्यांच्या पणजोबांना एकाच जहाजाच्या पोटात, एकाच ताटात जेवावे लागले, त्यांच्या पणतवंडांनी जातीची गणिते पुन्हा मांडावीत, याचे दुःख आम्हाला अधिक आहे. स्वातंत्र्यापासून पंतप्रधान झाले पाच जण. त्यांतील चौघे दोन घराण्यांतले. पाचवे पॉल बेरांजे, तेही २००३ ते २००५ एवढ्यापुरते.

यात मराठी माणसाचे काय? रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातून मुंबई बंदरमार्गे गेलेली ही मंडळी संख्येने थोडी. ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातील कास्कावेलसारख्या वस्त्यांत त्यांनी गणपती सांभाळला, जाखडीची 'झाकरी' केली, आणि गणेश चतुर्थीला त्या देशाची सार्वजनिक सुट्टी मिळवली. निवडणुकीच्या हिशेबात मात्र ते हिंदू रकान्यातील एक उपरकाना. १९९५ साली प्राथमिक परीक्षेच्या क्रमवारीत हिंदी, उर्दू, तामिळ, मराठी अशा पौर्वात्य भाषांचे गुण धरावेत म्हणून अनिरुद्ध जगन्नाथ यांनी घटनादुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली, त्यांनी विधानसभा विसर्जित केली आणि मतदारांसमोर गेले. निकाल साठ-शून्य, त्यांच्या विरुद्ध. भाषेच्या प्रश्नावर भारतीय वंशाचे बहुसंख्य मतदार असलेला समाज एकमुखाने उभा राहील, हा त्यांचा अंदाज साफ चुकला. पराभवाला सत्तेतील दीर्घ काळाचा कंटाळा आणि विरोधकांची युतीही कारणीभूत होती. पण समाजाच्या शिरगणतीवर मते मोजणाऱ्यांनी हा धडा विसरू नये.

शिवाय ज्या व्यवस्थेला समाजांच्या समतोलाची एवढी काळजी, तिला मतांच्या समतोलाची नाही. पोर्ट लुईतील तीन क्रमांकाच्या मतदारसंघात वीस-बावीस हजार मतदार, तर सावान-ब्लॅक रिव्हरच्या चौदा क्रमांकाच्या मतदारसंघात साठ हजारांवर. प्रतिनिधी दोन्हीकडे तीनच.

भारताने १९०९च्या विभक्त मतदारसंघांचे फळ फाळणीत भोगले. मे १९४९मध्ये सरदार पटेल अध्यक्ष असलेल्या समितीच्या अहवालावरून संविधान सभेने धार्मिक आधारावरील राखीव जागा सोडून दिल्या, तेव्हा अल्पसंख्य समाजांतील अनेक सदस्य त्या निर्णयाच्या बाजूने उभे राहिले. मॉरिशसने आपलीच नक्कल करावी असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. छोट्या समाजाला सभागृहात जागा मिळण्याची खात्री हवीच. ती मतांच्या प्रमाणात काही जागा देऊनही मिळू शकते, आणि तशा सूचना तेथील आयोगांनी वारंवार केल्या आहेत. साठ-शून्यावरही तोच उतारा आहे.

२०१८ साली 'बेस्ट लूझर' वगळण्याचे विधेयक तेथील सरकारने आणले होते. घटनादुरुस्तीसाठी तीन चतुर्थांश सदस्यांचा पाठिंबा लागतो; तो नसल्याने विधेयक बारगळले. निवडणूक सुधारणेचे आश्वासन देऊन सत्तेवर आलेल्या रामगुलाम यांच्या आघाडीला २०२४च्या मतदारांनी सहासष्ट सदस्यांच्या सभागृहात साठ जागा दिल्या.