रंग पासिंगसाठी नव्हे, पत्र्यासाठी

भिवंडीचे कापड असो, तळोज्याचे लोखंडी सामान असो की वाशीच्या बाजार समितीतला कांदा-बटाटा, नवी मुंबईत बराच माल हलतो तो पिकअप टेम्पोवर. आपल्या समाजातील कित्येक घरांची हलाल रोजी या एका गाडीवर चालते. तरीही तिच्या रंगाची आठवण होते ती आरटीओच्या पासिंगच्या वेळी. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी ही वेळ येते. मग गंजावरच लांबी भरून रंगाचा फवारा मारला जातो. गाडी चकाकते, पण आतला गंज थांबत नाही. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग फुगतो आणि पापुद्रे सुटतात.

येथे ठाणे खाडीची खारी हवा आहे, चार महिने पाऊस आहे आणि रोज गाठी, ड्रम, क्रेट यांची घासाघीस आहे. गंज धरतो तो हौद्याच्या कोपऱ्यात, फाळक्याच्या बिजागरीपाशी, रस्सीच्या हुकाखाली आणि रबरी चटईखाली. या गंजाचा डाग ओल्या ताग्याला लागला तर साध्या धुण्याने जात नाही. माल कमी भावात काढावा लागतो आणि टेम्पोवाल्याचे पुढचे भाडे जाते.

उपाय महाग नाही. आठवड्यातून एकदा गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुवावी. चमक यावी म्हणून डिझेलचा बोळा फिरवू नये, त्याने रंग खराब होतो. हौद्यातली पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवावीत. चटई उचलून वाळवावी. ओरखडा दिसताच काचपेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा करावा, त्याच दिवशी प्रायमर लावावा आणि तो सुकल्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. हे काम मे महिन्यात उरकावे, दमट हवेत रंग नीट धरत नाही.

गाडी विकताना गंजावर रंग फासणारे भाऊही आपल्यात आहेत. मदिन्याच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा वरून कोरड्या धान्याखाली ओल निघाली. ती वर का ठेवली नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. हाच सवाल रंगाखाली गंज लपवणाऱ्यालाही लागू आहे. गंज असेल तर गिऱ्हाइकाला दाखवून भाव ठरवावा. बरकत त्याच पैशात आहे.