विलायती शिकाऱ्यांची आवड

सहा जातींच्या हरिणांपैकीं माग काढून मारण्यास आवडती जात कोणती, हा ब्रिटनमधील शिकाऱ्यांचा नित्याचा वाद होय. कोणी स्कॉटलंडच्या डोंगरांतील तांबड्या हरिणाचीं भव्य शिंगें वाखाणतो, कोणी पहाटेस रानाच्या कडेनें निसटणाऱ्या चपळ रो हरिणास. हा केवळ षोकाचा प्रश्न असता तर आम्ही त्यांत पडलों नसतों. परंतु त्या बेटांतून लांडगा व लिंक्स केव्हांच नाहींसे झाले. हरिणांची संख्या आवरणारा मनुष्यच काय तो उरला. त्यानें शिंगांवरच दृष्टि ठेवावी हें आम्हांस संमत नाहीं. कां कीं कळप घटतो तो माद्या कमी झाल्यानें. स्कॉटलंडनें २०२३ सालीं नरांवरील बंदीचा हंगाम उठविला, माद्यांचा पाडसांस्तव ठेविला, हें योग्यच; पण माद्यांची शिकार कडाक्याच्या थंडींत, आणि भिंतीवर टांगण्यास कांहीं नाहीं!

आमच्या मतें आवडीचा पहिला मान मुंटजॅकला द्यावा. आपल्या सह्याद्रींतील भेकराचा हा चिनी भाऊबंद विसाव्या शतकाच्या आरंभीं वोबर्नच्या उद्यानांतून इंग्लंडभर पसरूं लागला. तो रानांतील ब्लूबेलचीं फुलें व झुडपांचे कोंभ खातो, आणि त्या झुडपांत घरटीं करणाऱ्या नाइटिंगेल पक्ष्याचा आसरा जातो. मादी बारमास वितें. म्हणून १९९१ च्या हरिण-कायद्यांत त्याला बंदीचा हंगाम नाहीं. दिवस भरत आलेली मादीच टिपावी, असा जाणत्यांचा सल्ला आहे. ऐकण्यास तो क्रूर वाटेल. परंतु तिच्या मागें झुडपांत उपाशी मरणारें पाडस राहत नाहीं.